धांड्याचं विमान

यंदा चार गावं विचारत फिरले तेव्हा कुठे ज्वारीचे धांडे, म्हणजे कडब्याची ताटं, मिळाले. तेही एका म्हाताऱ्या कास्तकाराकडे, घरच्या हुरड्यापुरत्या पेरलेल्या चार ओळींतले. "कायले पाहिजे मॅडम तुमाले? बकरी घेतली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शाळेतल्या पोरांना विमान करायचंय. ते हसले नाहीत. आत गेले, विळा घेऊन आले आणि म्हणाले, "मंग बुडाचे घेऊ नोका, मधले पेर घ्या. बुडाचं भेंड जड रायते."

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या हाताला ते माहीत होतं. मला मात्र तेवढं कळायला एनसीसीच्या एअर विंगमधली, म्हणजे हवाई शाखेतली, दोन वर्षं लागली होती.

२००१ साली मी आठवीत होते. गावात सातवीपर्यंतच शाळा, म्हणून आम्ही पोरी सकाळच्या एसटीनं हिंगणघाटला जायचो. त्या शाळेत एअर विंगची तुकडी होती, नागपूरच्या स्क्वाड्रनला जोडलेली. नाव नोंदवायला रांग लागली, उंची मोजली, मैदानाला दोन चक्कर पळवलं आणि मला घेतलं. घरी सांगितलं तर माय म्हणाली, "इमानाच्या शाळेत घेतलं म्हन्ते पोरीले." बाबांनी एवढंच विचारलं, की रविवारी जाशील तर वेचाईले कोण येईल?

त्यांचा प्रश्न खरा होता. परेड रविवारी आणि कापूस काही वार पाहून फुटत नाही. एनसीसी दिन नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी येतो, म्हणजे ऐन वेच्यात. त्या दिवशी शहरातल्या पोरी कडक इस्त्रीत हजर असायच्या आणि आम्हा खेड्यावरच्यांपैकी निम्म्या वावरात. गैरहजेरी लागायची. ७५ टक्के हजेरी नसेल तर 'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणून आम्ही पहाटे चारला कंदील घेऊन दोन ओळी वेचून मग एसटी पकडायचो. दवानं ओला कापूस वेचू नये, त्याची प्रत जाते, हे बाबांना माहीत होतं. तरी ते काही बोलायचे नाहीत. ओला कापूस वेगळा वाळत घालायचे.

पहिले तीन महिने विमानाचं नावसुद्धा निघालं नाही. सावधान, विश्राम, दाहिने मूड, तेज चल. मुरमाचं मैदान, वर ऊन, आणि हुकूम सगळे हिंदीत. निळसर राखाडी युनिफॉर्म मापाला मोठा मिळाला होता, तो मायनं आतून टाके घालून आखूड केला. कडकपणा यावा म्हणून भाताच्या पेजेची खळ लावायची आणि पितळी लोट्यात निखारे भरून त्यानंच इस्त्री करायची. बुटाला पॉलिश करायचं तेही शिकावं लागलं: फडकं बोटाला ताणून गुंडाळायचं, जरासा ओलावा घ्यायचा आणि छोटे छोटे गोल फिरवत राहायचं, टोकावर आकाशाचा उजेड दिसेपर्यंत. हे मला मनापासून आवडायचं. घरात दुसरं कुठलंच काम असं नव्हतं, जे केवळ नीट व्हावं म्हणून करायचं.

मग एका रविवारी नागपूरहून वायुसेनेचे कॉर्पोरल सर आले. हरियाणाचे होते, मिशी बारीक, आवाज खणखणीत. त्यांनी वहीचा एक कागद ओठांखाली धरला आणि वरच्या बाजूनं फुंकर मारली. खाली लोंबणारा कागद उचलला गेला. "देखा? ऊपर से हवा तेज गई, कागज उठ गया. यही लिफ्ट है." फळ्यावर चार बाण काढले: लिफ्ट वर, वजन खाली, थ्रस्ट पुढे, ड्रॅग मागे. शहरातल्या पोरींनी भराभर उतरवून घेतलं. मी मात्र खळ्यात जाऊन पोचले होते.

आमच्याकडे तेव्हा उपणणी हातानंच व्हायची. आबाजी, म्हणजे आजोबा, तिवईवर चढून उभे राहायचे, सूप डोक्याच्या वर धरून. पण लगेच धान सोडायचे नाहीत. आधी चिमूटभर भुसा सोडून पाहायचे. तो कुठे जातो, किती लांब जातो, मधेच भोवंडतो का, हे पाहून मग पाय सरकवून तिवई फिरवायची. वारा पडला की सूप तसंच धरून उभं राहायचं, दहा मिनिटं, अर्धा तास. आम्ही पोरं कंटाळून जायचो. आबाजींचे हात थरथरायचे, पण सूप खाली यायचं नाही. वारा आला की दाणा सरळ खाली आणि भुसा पलीकडे, मधे रेघ मारल्यासारखा. जड वस्तूवर वाऱ्याचं किती चालतं आणि हलक्या वस्तूवर किती, हे त्या रेघेत रोज दिसत होतं. फळ्यावरचे बाण बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्याला परकं नाही.

त्याच आठवड्यात आबाजींनी मला एक गोष्ट सांगितली. ते तरणे असताना ज्वारीच्या जागलीला मचाणावर झोपायचे. रात्री कधी कधी दक्षिणेकडून घरघर यायची आणि एक दिवा नागपूरकडे सरकत जायचा. "डाकेचं इमान व्हय ते," गावातला पोस्टमन सांगायचा. मी मोठी झाल्यावर कळलं, की ते खरंच होतं. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत निघायची. मद्रासचं विमान आमच्या शिवारावरून जाणार हे ओघानं आलंच. रानडुकरं हाकलणारा एक माणूस मचाणावर आणि त्याच्या डोक्यावरून साऱ्या देशाची पत्रं चाललेली. आबाजींना पुरं आयुष्यात बाहेरगावचं एखादं पत्र आलं असेल. तरी ते विमान त्यांनी आपलं म्हणून लक्षात ठेवलं होतं.

एरोमॉडेलिंग सुरू झालं तेव्हा एका खोक्यातून बाल्साच्या पातळ फळ्या आल्या. दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचं लाकूड, हातात घेतलं तर काही घेतलंय असं वाटत नाही. सरांनी चक ग्लायडर करून दाखवला. म्हणजे इंजिन नाही, रबर नाही, नुसता हातानं फेकायचा. पंख घासून पुढून गोल, मागे निमुळता करायचा, दोन्ही पंख जरासे वर उचललेले ठेवायचे, शेपटी बसवायची. आम्हा तीसजणींमध्ये चार ग्लायडरपुरतं लाकूड होतं. दोन पहिल्याच दिवशी मोडले. "लकड़ी खतम," सर म्हणाले, आणि पुढचं खोकं कधी येईल हे त्यांच्याही हातात नव्हतं.

एसटीत परत येताना माझी जोडीदारीण म्हणाली, "ते लाकूड आपल्या धांड्याच्या भेंडावानी नाही का?"

विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही धांड्याची बंडी ठाऊक आहे. वाळलेल्या ज्वारीच्या धांड्याची साल दातानं किंवा नखानं सोलायची, आतलं पांढरं भेंड काढायचं, त्याचे तुकडे करायचे आणि सालीच्याच टोकदार काड्या खुपसून जोडायचे. बंडी, बैल, चष्मा, घड्याळ, काय वाट्टेल ते. साल पात्यासारखी धारदार असते, बोटं कापतातच. त्या रविवारपासून आम्ही दोघी त्याचं विमान करायच्या मागे लागलो.

पहिला पंख हातातच तुटला. बाल्साला रेषा असतात, भेंडाला नसतात. ते नुसतं फुसफुशीत. शिवाय धांड्याचा एक पेर वीतभराचा, आणि आम्हाला दीड फुटाचा पंख हवा. फेविकॉलनं जोडलं तर भेंडानं पाणी ओढलं आणि वाळताना पंख पापडासारखा वाकला. आठवडाभर हे चाललं. शेवटी तिनं, माझ्या जोडीदारणीनं, टाकून दिलेली साल उचलली. पंखाच्या पूर्ण लांबीची एक सालीची पट्टी घेतली, भेंडाच्या पोटात चीर पाडली आणि पट्टी त्यात उभी बसवली. चिकटवायला पातळ डिंक, अगदी टिपकाभर. पंख दोन्ही टोकांना धरून वाकवला तर वाकला आणि सरळ झाला. ताण सालीनं घेतला, आकार भेंडानं धरला. खऱ्या विमानाच्या पंखातही आडवा कणा असतो आणि त्याला स्पार म्हणतात, हे आम्हाला पुढच्या महिन्यात शिकवलं. तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं. अख्ख्या वर्गात तो शब्द आम्हा दोघींना शिकवायची गरज नव्हती.

तिचे हात विलक्षण होते. लहानपणापासून कापूस वेचलेला, बोंडाच्या काट्यांतून बोट न लागता कापूस काढणारी बोटं. दोन बोटांच्या टोकांवर ग्लायडर पेलून ती सांगायची, "शेपटी जड." पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण तिसऱ्या हिश्शावर तोल यायला हवा, असं सरांनी सांगितलं होतं. आम्ही मोजायचो, ती नुसतं पेलायची.

नाकावर वजन लागतं. बाल्साच्या ग्लायडरला सर प्लॅस्टिसिन लावायचे. आमच्याकडे काळी माती होती. ओली काळी माती इतकी चिकट, की पावसाळ्यात वाट्टेल त्या चपलेचा पट्टा तोडते. लावली आणि अकराच्या सुमाराला शाळेच्या मैदानावर सोडून पाहिलं. गेलं! नाक जरासं खाली, सरळ, संथ, झेंड्याच्या चौथऱ्यापासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत. आम्ही दोघी नुसत्या ओरडत होतो. मी सरांना सांगून आले, की जेवणानंतर दाखवते.

दोन वाजता सगळी तुकडी गोल उभी. मी फेकलं. नाक वर उचललं, क्षणभर जागेवर थांबलं आणि धप्पकन आपटलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. पोरी हसायला लागल्या. मला वाटलं माझा हात चुकतोय, म्हणून तिसऱ्यांदा जोरात फेकलं तर आणखीच वाईट. डोळ्यांत पाणी आलं. सरांनी विमान उचललं, दोन बोटांवर धरलं. शेपटी खाली गेली. मग त्यांनी नाकावरच्या मातीवर नख फिरवलं. ती पांढुरकी पडली होती, भेगा गेल्या होत्या. "सुबह गीली थी. अब सूख गई. पानी उड़ गया, वजन भी उड़ गया. तुम्हारा हाथ ठीक है, बेटा. नाक हल्की हो गई."

मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं, आणि बोलताना त्यांनी विमान किती हळू धरलं होतं तेही. त्यांनी चूक माझ्यावर टाकली नाही आणि नशिबावरही टाकली नाही. ती दोन बोटांवर तोलून काढून दाखवली. पऱ्हाटी जळाली तर नशीब, भाव पडला तर नशीब, अशा बोलण्यात मी वाढले होते. एखाद्या बिघाडाला जागा असते, कारण असतं आणि ते नख लावून दाखवता येतं, हे मी त्या दुपारी पाहिलं. संध्याकाळी आम्ही मातीच्या जागी मेणबत्तीचं मेण लावलं.

परेडच्या बाकीच्या गोष्टी मी कमी लेखत नाही. दहा दिवसांचं शिबिर झालं, .२२ रायफलीनं पाच गोळ्या झाडल्या, खांद्याला जरासा धक्का बसला, लंगरच्या रांगेत ताटली घेऊन उभी राहिले. शिबिरातली एक रात्र तेवढी सांगावीशी वाटते. दिशा ओळखायचा तास होता. सर सप्तर्षी दाखवून पुढच्या दोन ताऱ्यांवरून ध्रुव कसा काढायचा ते समजावत होते. शहरातल्या पोरींना सप्तर्षीच सापडेना, आणि मागून दोघीतिघी म्हणाल्या, "ते बाजलं? बाजलं अन् तीन चोर?" सरांना चोरांची गोष्ट सांगावी लागली: चार पायांची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. त्यांनी मन लावून ऐकली. दुसऱ्या रात्रीपासून तेही बाजलंच म्हणायला लागले.

आमचे एएनओ सर, म्हणजे एनसीसीची तुकडी सांभाळणारे शिक्षक, शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशाच्या तासाला ते आम्हाला मैदानात बसवायचे नाहीत, चालवत नेऊन हिंगणघाटमधली एक जुनी कबर दाखवायचे. विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासजवळून ज्यानं हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत आणला, तो माणूस नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये इथे वारला. पृथ्वीचा बाक मोजता मोजता आमच्या हिंगणघाटात येऊन थांबला. "तुम्ही ज्या नकाशावर विमान चालवणार, त्याची दोरी इथून गेली आहे," सर म्हणायचे. आम्ही रोज त्या बाजूनं जायचो आणि आम्हाला माहीत नव्हतं. आजही गावातल्या किती पोरांना माहीत आहे, याची मला काळजी वाटते.

नववीच्या शेवटी माझ्या जोडीदारणीनं युनिफॉर्म जमा केला. तो परत द्यावाच लागतो, स्टोअरच्या वहीत सही करून. तिनं तो धुऊन, खळ लावून, घडीवर घडी बसवून आणला होता. बेल्टचं पितळ घासून लख्ख केलेलं. शाळा सुटणार हे तिच्या घरी ठरलं होतं, आणि दोन वर्षांनी तिला यवतमाळकडे दिली. बेरे टोपीवरचा बॅज काढताना ती थोडा वेळ थांबली, एवढंच. आमच्यात पायलट व्हायची कुणाची खरी लायकी असेल तर तिची होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी नागपूरला कॉलेजात गेले आणि सीनियर विंगमध्ये भरती झाले. बी सर्टिफिकेटच्या वर्षी सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे एका छोट्या हलक्या विमानात, बसायला मिळालं. शेजारी शेजारी दोन जागा, डोक्यावर पंख, आणि दार इतकं हलकं, की आमच्या न्हाणीचा पत्रा जड वाटावा. पण बसायच्या आधी अर्धा तास विमानाभोवती फिरणं होतं. इन्स्ट्रक्टर सर म्हणाले, नुसतं बघू नकोस, हात लाव. प्रत्येक बिजागरी हलवून पाहायची, प्रत्येक पिन. पेट्रोलच्या टाकीतून काचेच्या नळीत थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी असेल तर ते तळाशी थेंबासारखं बसतं. मी धरून पाहिलं. स्वच्छ होतं. तरी त्यांनी दुसऱ्यांदा काढायला लावलं.

धावपट्टीच्या टोकांना १४ आणि ३२ असे आकडे आहेत. १४० आणि ३२० अंश, म्हणजे एक तोंड आग्नेयेला आणि दुसरं वायव्येला. एप्रिल होता, आमच्याकडचा कोरडा पश्चिम-वायव्येचा वारा सुटला होता, त्यामुळे आम्ही ३२ वरून वाऱ्याला तोंड देऊन निघालो. आबाजी भुसा सोडून तिवई फिरवायचे, इथे वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फुगलेला पाहून धावपट्टी निवडतात.

वर पंधरा मिनिटं होतो. खाली वर्धा रोड, गाड्या, विटांचे भट्टे, नांगरलेली काळी वावरं. पण मला ते चित्र फारसं आठवत नाही. आठवतं ते असं: सरांनी विमान सरळ पातळीवर आणलं, ट्रिम लावला, म्हणजे हात न लावता तोल राहील असं केलं, आणि दोन्ही हात वर केले. विमान आपलं आपण चाललं होतं. मग म्हणाले, "अब थोड़ा आगे झुको." मी पट्ट्यात ताणून जेवढं वाकता आलं तेवढं पुढे वाकले. दोन श्वास गेले आणि क्षितिज काचेत हळूच वर सरकलं. नाक खाली जात होतं. मागे रेलले, तसं परत वर आलं.

मी काहीच बोलले नाही. गळा दाटला होता. माझ्या एवढ्याशा वजनानं तोल हलला होता. मी तिथे मातीचा गोळा होते आणि मेणाचाही. ते आपल्याबरोबर कुणी अनुभवायला हवं होतं ते मला नेमकं माहीत होतं.

पुढे चष्मा लागला, नंबर वाढत गेला आणि वायुसेनेचा विचार मिटला. सी सर्टिफिकेट मात्र पूर्ण केलं. मग बी.एड., मग वर्ध्यातल्याच एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा. आज माझ्या वर्गात एकवीस मुलं आहेत. आमच्याकडे एनसीसीची तुकडी नाही, मिळण्याचं चिन्हही नाही. पण दर हिवाळ्यात दोन शनिवार आम्ही धांड्याची विमानं करतो, स्पारसकट. माती लावायची की मेण, हे मी आधी सांगत नाही. निम्मी मुलं माती लावतात, सकाळी उडवतात, दुपारी पुन्हा उडवायला लावते. मग कुणी तरी दोन बोटांवर विमान धरतं आणि बाकीचे वाकून पाहतात. गेल्या वर्षी एका पोरीनं नख लावायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, वाळली ना ते." मी तिच्या बोटांकडे पाहत राहिले.

अडचण आहे ती धांड्यांची. माझ्या लहानपणी घरामागे कडब्याची गंजी असायची. आधी सोयाबीन आलं, मग बीटी कापूस, आणि जी थोडी ज्वारी उरली तिच्यामागे डुकरं आणि पाखरं. जागलीला जायला माणूस नाही. बाल्सा मागवून पाहिला, एका फळीच्या पैशात वर्गाच्या वह्या येतात. थर्माकोल आहे, स्वस्त आहे, पण त्याला साल नाही. सालीशिवाय पोरांना कणा कसा दाखवू?

म्हणून हे लिहिलं. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या बाजूला कुणाच्या वावरात यंदा ज्वारी उभी असेल, तर सगळा कडबा कुट्टी मशीनमध्ये घालू नका. एक पेंडी बाजूला ठेवा, सावलीत, उभी. निरोप धाडा, मी एसटीनं येऊन घेऊन जाईन. बुडाचे नकोत, मधले पेर पाहिजेत.